ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'काम' कधी येणार?



कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की आपल्या कार्यक्षेत्रात वेगळेच वारे वाहू लागते. अहवाल घरोघर पोचतो. पारावर, दूध डेअरीच्या ओट्यावर त्याची पाने उलटली जातात. सरासरी उतारा किती पडला, तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागे का वाढला, बगॅसची विक्री कितीला झाली, बँकेला व्याज किती गेले, हे सारे आपला सभासद बारकाईने पाहतो. चौथी-पाचवी शिकलेला म्हातारा शेतकरीसुद्धा ताळेबंदातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "चेअरमनसाहेब, एवढं जरा समजावून सांगा." त्याला उत्तर द्यावेच लागते. सहकाराने आपल्याला ऊसदर दिला, रस्ते दिले, शाळा-कॉलेजे दिली. पण सभेत उभे राहून हिशेब विचारण्याची सवय दिली, ही त्याहूनही मोठी देणगी आहे.

हाच सभासद गावच्या ग्रामसभेला मात्र फिरकत नाही. गेलाच तर रजिस्टरवर सही करतो, चहा घेतो आणि "आमचं काय ऐकत्यात व्हय तिथं?" असे म्हणत माघारी येतो. जो माणूस कारखान्यात मालकासारखा बोलतो, तो स्वतःच्या गावात पाहुण्यासारखा का बसतो, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. कारण ज्या एका प्रश्नाने आज घराघरांत झोप उडविली आहे, तो प्रश्न मांडण्याची हक्काची जागा ग्रामसभा हीच आहे. तो प्रश्न म्हणजे पोराबाळांच्या कामाचा.

"हाय घरीच"

कोणत्याही गावात जा आणि ओळखीच्या माणसाला विचारा, "अण्णा, पोरगा काय करतोय?" उत्तर ठरलेले असते. "हाय घरीच. बघतोय काय तरी." हे "काय तरी" पाच-पाच, सात-सात वर्षे चालते. पदवी झालेली असते, भरतीच्या परीक्षा देऊन झालेल्या असतात, वय निघून जात असते. लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात आणि शेती आहे म्हटले की पत्रिका परत येते. बापाच्या मनाला हे किती लागते, ते आम्ही लिहून सांगायला नको.

यामागचा हिशेब सरळ आहे. १९७०-७१ सालच्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे आजोबांच्या वाट्याला जेवढी जमीन होती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आज नातवाच्या वाट्याला येते. त्यातही बागायत किती, हा पुढचा प्रश्न. ऊस कितीही चांगला आला तरी तीन एकरांवर दोन भावांचे दोन संसार उभे राहत नाहीत.

मग सगळ्यांची नजर कारखान्याकडे वळते. "पोराला कुठं तरी चिकटवा" हे वाक्य संचालकांना जितके ऐकावे लागते, तितके दुसरे कोणतेच नसेल. पण सभासदांची संख्या हजारांत आणि कायम कामगारांची संख्या शेकड्यांत, हे गणित कोणत्याही कारखान्याला सुटणारे नाही. शिवाय पूर्वी जेथे चार माणसे व्हॉल्व्ह फिरवीत होती, तेथे आता एक माणूस पडद्यासमोर बसतो. उसाच्या फडातही तोडणी यंत्र आले आहे. कारखाना सर्वांना सामावून घेईल अशी आशा दाखविणे म्हणजे सभासदांची फसवणूक होईल. काम गावात आणि गावाच्या आसपासच शोधावे लागेल, आणि त्यासाठी गावाने एकत्र बसावे लागेल.

अधिकार आहे, वापर नाही

गावाने एकत्र बसण्याची सोय कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभा आहे. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. त्याच दुरुस्तीने घटनेला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय तिच्यात दिले आहेत. ती यादी सभासदांनी एकदा अवश्य वाचावी. शेती, लघु पाटबंधारे, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय तर आहेतच. पण लहान उद्योग, खादी व ग्रामोद्योग, तंत्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण, बाजार व जत्रा, दारिद्र्य निर्मूलन हे विषयही आहेत. म्हणजे गावातल्या पोरांनी काय शिकावे आणि काय काम करावे, हा पंचायतीच्या कक्षेतला विषय आहे असे खुद्द राज्यघटना म्हणते.

आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी परिपाठाचे झाले आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. आणि येथेच खरी मेख आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेला शंभर माणसे जमली नाहीत, की पुढची सभा पंचवीस माणसांत उरकता येते आणि तिचे ठरावही सर्व गावाचेच ठराव ठरतात. आपण घरी बसलो म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते आपल्याविना होतात, एवढेच.

या सभांतून होते काय? रस्त्याचे काँक्रीट, गटार, दिवाबत्ती, सभामंडप, घरकुलाची यादी. यांतला एकही विषय अनावश्यक नाही. गटार तुंबले तर रोगराई होते आणि गरिबाला घर हवेच. पण ज्याच्या घरात दोन तरणी पोरे रिकामी बसली आहेत, त्याला दारापुढच्या काँक्रीटचे कौतुक किती दिवस वाटणार? गावाच्या पैशाचा बहुतेक भाग बांधकामात जातो. माणसाच्या हाताला काय येते आणि काय यायला हवे, हे विचारणारा विषय पत्रिकेवर दिसत नाही.

हा विचार आपल्याच मातीतला

कामाचा प्रश्न गावाने हाताळायचा, ही कल्पना कोणी परक्याने आणलेली नाही. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात एक प्रयोग केला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम द्यायचे आणि त्या कामातून गावाच्या शेतीला उपयोगी पडेल असे काहीतरी उभे करायचे, हे त्याचे सूत्र होते. १९७२ साली हीच योजना राज्यभर घेण्यात आली. त्यानंतरच्या दुष्काळात लाखो लोक बंडिंगच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर जगले. १९७५ साली योजनेच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणे हा भीक मागण्याचा प्रकार नसून हक्क आहे, असे देशात प्रथम कायद्याने म्हटले ते महाराष्ट्राने.

१९९० च्या सुमारास याच योजनेला फळबागेची जोड मिळाली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या कोरडवाहू रानात खड्डे खणण्याची व झाडे जगविण्याची मजुरी योजनेतून मिळू लागली. माळरानावर डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. खड्डे खणण्याच्या मजुरीतून सुरुवात झाली आणि पुढे पॅकिंग, वाहतूक, रोपवाटिका, औषधांची दुकाने असे कितीतरी धंदे त्या बागांभोवती वाढले. हंगामी मजुरीचे काम कायम उत्पन्नाचे साधन कसे बनते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

२००५ साली केंद्राने याच धर्तीवर देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी दिली. कोणती कामे घ्यायची याची यादी ग्रामसभेने ठरवावी, असे त्यात होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला असून त्यात १२५ दिवस धरले आहेत. कायदे बदलतात, दिवस वाढतात. पण गावाने आपली कामे आधी ठरवून ठेवली नाहीत, तर दिवस कागदावरच राहतात. मागणी लेखी द्यावी लागते आणि दिल्याची तारखेसह पोच घ्यावी लागते. पोच हातात नसेल तर हक्कही हातात नसतो.

दोन गावे, दोन वाटा

पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे नाव आपणांस परिचित आहे. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. माणसे मुंबई-पुण्याला नाही तर वीटभट्टीवर गेलेली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. रोजगार हमीच्या पैशातून डोंगरावर समतल चर खणले गेले, बंधारे झाले, पाणी अडले. पण आमच्या मते त्या गावाचे खरे वेगळेपण बंधाऱ्यांत नाही. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे सर्वांनी मिळून ठरवायचे, ही त्यांची शिस्त वेगळी आहे. पाणी टिकले तसा चारा झाला, चाऱ्यावर जनावरे वाढली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले गावचे दूध काही हजार लिटरवर गेले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके घेण्यासही मनाई केली. साखर कारखान्याच्या मुखपत्रात हे कसे लिहिता, असे कोणी विचारील. लिहायला हवे. आपल्या कार्यक्षेत्रात कालवा आहे, नदी आहे, त्यांची परिस्थिती निराळी आहे. त्यांचा निर्णय आपण उचलून इकडे लावावा असे आमचे म्हणणे नाही. उसातही ठिबक आणि कमी पाण्यात जास्त टनेज हा मार्ग आपल्यापुढे आहे. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. त्यांनी आधी आकडे मांडले, मग वाद घातला, मग ठरविले आणि ठरल्यावर पाळले.

दुसरे गाव पार टोकाचे, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. तेथे निर्णय मतमोजणीने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत बैठक चालते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर बांबू किती तोडायचा, कोणी तोडायचा, मजुरी काय द्यायची आणि विक्री कशी करायची, हे ग्रामसभा ठरवू लागली. तोडणीची मजुरी घरोघर गेली आणि विक्रीचा पैसा गावाच्या खात्यात आला. ज्या जंगलातून पूर्वी माल बाहेर जाई आणि गावाच्या हाती फक्त थोडी मजुरी पडे, त्याच जंगलाचा हिशेब गाव ठेवू लागले.

एका गावाने पाण्याचा हिशेब केला, दुसऱ्याने बांबूचा. आपल्या गावाने हिशेब करायचा तो कशाचा?

आपल्या गावातला पैसा जातो कुठे?

आमचे उत्तर असे आहे की, कौशल्याचा. आपल्या बागायती गावांत पैसा नाही असे नाही. पण तो गावात थांबत नाही. एक साधे गणित करून पाहू. समजा, एखाद्या गावात विहिरी, बोअर आणि नदीवरच्या मिळून ३०० मोटारी आहेत. वर्षात त्यांतल्या ६० जळाल्या आणि एकेकीच्या रिवायंडिंगला सरासरी ३,००० रुपये लागले, तर १,८०,००० रुपये तालुक्याच्या दुकानात गेले. मोटार न्यायला-आणायला भाडे गेले ते वेगळे, आणि चार दिवस उसाला पाणी बसले नाही ते त्याहून वेगळे. आता ह्यात ट्रॅक्टरची दुरुस्ती धरा, ठिबकची जोडणी धरा, ट्रॉलीचे वेल्डिंग, घराचे गवंडीकाम, सेंट्रिंग, फरशी, नळजोडणी, मोबाईलची दुरुस्ती धरा. फरशी बसवायला राजस्थानचा कारागीर येतो, फर्निचरला उत्तर प्रदेशचा. त्यांचा काही दोष नाही. ते शिकून आले आहेत आणि घरदार सोडून कष्ट करतात. आपली पोरे शिकली नाहीत, हे आपले दुखणे आहे. म्हणजे गावात काम आहे आणि रिकामे हातही आहेत. या दोहोंमध्ये शिक्षण तेवढे नाही.

१९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघू लागली आणि साखरपट्ट्यात ती भराभर झाली. त्याचा लाभ खूप झाला, हे नाकारता येत नाही. पण आज अशी गावे आहेत की जेथे सात-आठ इंजिनिअर आहेत आणि मोटार बांधणारा एक नाही. हाताला काळे लागले की कमीपणा येतो, ही समजूत आपणच पोरांच्या मनात भरविली. "शिकून काय हमाली करायची काय?" असे म्हणणाऱ्या बापाने चांगल्या वेल्डरची, तोडणी यंत्राच्या चालकाची किंवा पास झालेल्या बॉयलर अटेंडंटची महिन्याची मिळकत एकदा विचारून पाहावी.

शिकण्याच्या सोयी नाहीत, असेही म्हणता येणार नाही. तालुक्याला आयटीआय आहे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला लोक आरसेटी म्हणतात, तेथे ग्रामीण तरुण-तरुणींना राहण्या-जेवणासह मोफत शिक्षण मिळते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला १८ प्रकारच्या पारंपरिक कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी, नाभिक, चर्मकार असे आपले बलुतेदार तिच्यात येतात. विशेष म्हणजे या योजनेतील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडेच ठेवली गेली. ज्या गावात सरपंच आणि सदस्य जागे होते, तेथील कारागिरांचे अर्ज पुढे गेले. जेथे नव्हते, तेथे अर्ज पडून राहिले.

आणखी एक पैसा गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ५ लाख असेल, तर ५०,००० रुपये महिला व बालकल्याणाचे झाले. वर्षाअखेरीस घाईने काहीतरी वस्तू वाटून हा पैसा संपविण्याऐवजी बचत गटातल्या पाच भगिनींना एखादे चांगले शिक्षण देता येते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. भगिनींनी हा विषय त्या सभेतच पक्का करून यावा.

आणि आता घरचीच गोष्ट. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. साखर कारखानेही त्यात आले. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना खऱ्या यंत्रावर हात बसविण्याची जागा कारखान्यासारखी दुसरी नाही. यंदा किती उमेदवार घेतले, त्यांतले कार्यक्षेत्रातले किती आणि शिकून गेलेले पुढे काय करतात, हा प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत अवश्य विचारावा. अहवालात उताऱ्याच्या आकड्याशेजारी हाही आकडा छापला गेला, तर बिघडत काहीच नाही.

कोयत्याची गावे

कामाची चर्चा करताना आपल्या फडात राबणाऱ्या माणसाला विसरून चालणार नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून जोडीचा कोयता दसरा-दिवाळीनंतर निघतो आणि पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततो. त्यांच्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा अर्धे गाव आपल्या फडात असते. ज्यांच्या कामाचा प्रश्न सर्वांत बिकट, तेच सभेला नसतात. त्यांना गावी सापडणाऱ्या सभा म्हणजे १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या. पुढच्या वर्षाची कामे ठरविण्याचा आणि ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याचा हंगामही २ ऑक्टोबरच्याच आगेमागे असतो. उचल घेऊन गाडीत बसण्याआधी या सभेत त्यांचे म्हणणे नोंदले गेले, तर काही हाती लागण्याचा संभव आहे.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून अशी तरतूद झाली. कामगारांना ओळखपत्र देण्यासाठी त्यांची नोंद त्यांच्या गावच्या ग्रामसेवकाने करावी, असेही ठरले. म्हणजे तेथेही पहिली पायरी ग्रामपंचायतच. यंत्रे वाढत जातील तसतशी कोयत्याची कामे कमी होतील. मग या माणसांच्या पोरांनी कोयताच उचलायचा, की त्या यंत्राचा चालक आणि मेकॅनिक व्हायचे? हा प्रश्न त्यांच्या ग्रामसभेचा आहे, तसा आपल्या कारखान्याचाही आहे. त्यांच्या घामावर आपले गाळप होते, हे विसरू नये.

मांडायचे कसे?

"काम द्या" असे मोघम ओरडून कोणतीही सभा काही देऊ शकत नाही. कारखान्याच्या सभेत आपण मोघम बोलत नाही, आकडा बोलतो. तीच रीत येथे धरावी.

पहिले म्हणजे एक वही घालावी. गावातील १८ ते ३५ वयाच्या प्रत्येक मुलाचे व मुलीचे नाव, शिक्षण, येणारे काम, शिकण्याची इच्छा आणि वर्षातले रिकामे महिने तीत लिहावे. भूमिहीनांची वस्ती आधी घ्यावी, नाही तर ती शेवटी राहून जाते. तरुण मंडळ, बचत गट आणि शाळेतले गुरुजी मिळून आठवड्यात हे काम होते.

दुसरे, गावात बाहेरून करून घेतल्या जाणाऱ्या कामांची यादी करावी. मोटारी किती, ट्रॅक्टर किती, ठिबकखालचे क्षेत्र किती, वर्षाला नवी घरे किती बांधली जातात, हे आकडे गावातच मिळतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणते शिक्षण कोणाला द्यायचे, ते आपोआप दिसू लागते. दहा जणांनी एकच धंदा शिकून एकमेकांच्या पोटावर पाय देण्याचे टळते.

तिसरे, सभेच्या नोटिशीआधी सरपंचांना व ग्रामसेवकांना (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी पत्र देऊन हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. ऐनवेळच्या विषयात टाकू नये. ऐनवेळचा विषय जेवणाच्या वेळी निघतो आणि जेवणाबरोबर संपतो.

चौथे, ठराव नेमका करावा. "बेरोजगारांना प्रशिक्षण द्यावे" हा ठराव नव्हे. अमुक सहा मुलांना आरसेटीत मोटार रिवायंडिंगच्या पुढच्या वर्गाला पाठवावे, प्रवासखर्च अमुक निधीतून द्यावा, अमुक सदस्याने पाठपुरावा करावा आणि पुढच्या सभेत सांगावे, असा ठराव हवा. सूचक, अनुमोदक आणि तारीख इतिवृत्तात लिहिली गेली की नाही, ते तेथेच पाहावे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या सभेला पुन्हा यावे. सभा सुरू होताना मागील इतिवृत्त वाचले जाते. त्या वेळी एकानेच उठून "त्या सहा पोरांचं काय झालं?" एवढे विचारले तरी पुरे. चार सभांना चार वेळा विचारले, की उत्तर शोधून ठेवण्याची सवय लागते. आपल्या कारखान्यात ती अशीच लागली.

दोन शब्द रोखठोक

यावर लोक म्हणतील की ग्रामसभेत राजकारण फार. आहेच. गट आहेत, भावकी आहे, मागच्या निवडणुकीचे उट्टे काढणे आहे. पण कारखान्याच्या निवडणुकीत हे नव्हते काय? पॅनेलविरुद्ध पॅनेल लढले, तरी हंगाम सुरू करण्याच्या विषयात कोणी आडवे आले नाही, कारण ऊस दोन्ही गटांचा उभा होता. तसेच रिकामे पोरगेही दोन्ही गटांच्या घरांत आहे. या एका विषयावर तरी दोन्ही बाकांनी एकत्र बसण्यास हरकत नसावी.

ग्रामसभा ही काही जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ठराव झाला म्हणजे नोकरी लागली असे होत नाही. पंचायतीचा निधी तुटपुंजा असतो आणि बराचसा बांधील असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेली होती. सगळी पोरे गावातच राहतील असेही नाही. काही जातील आणि जावेही. पण जाणारा हात शिकलेला असावा आणि राहणारा हात रिकामा नसावा, एवढे पाहणे गावाच्या आवाक्यात आहे.

१९५० च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला, त्याआधी "अडाणी शेतकरी काय साखर कारखाना चालविणार?" असे शहाणी माणसे विचारीत होती. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांच्या पाठीशी शेतकरी दहा-दहा, वीस-वीस रुपये घेऊन उभे राहिले ते गावोगावच्या सभांतूनच. त्या सभांत कोणी गटाराचे बोलत नव्हते. आपल्या पोरांनी पुढे खायचे काय, हे बोलत होते. त्या बैठकांचे फळ आपण तीन पिढ्या खाल्ले.

आपल्या कारखान्याची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत होते. तिच्या आधी १५ ऑगस्टची ग्रामसभा असते आणि मागोमाग २ ऑक्टोबरची. प्रत्येक गावातल्या पाच सभासदांनी ठरविले, तर तेवढ्या काळात वही भरून होईल आणि विषय पत्रिकेवर येईल. आपल्या गावात वही झाली, ठराव झाला, एखादे पोर शिकून आले, तर तसे गटऑफिसमार्फत या अंकाकडे अवश्य कळवावे. जागा राखून ठेवली आहे.